मिंक खाडीची मुंडकी

१

आमच्या गावात कुलूप फक्त शाळेला आणि दारूच्या कपाटाला लावतात. त्यामुळे त्या सकाळी शेल्बी माझ्या खानावळीत शिरून "चोरी झाली" म्हणाली, तेव्हा माझी नजर आधी कपाटाकडे गेली.

"दारू नाही रे, रुबेन. मुंडकी गेली," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी."

सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. गावात मुंडक्यांचा नाद असलेला माणूस म्हणजे मी. माझे वडील फिलिपीन्सहून इथल्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आले ते अलास्काचेच झाले. सॅमनच्या मुंडक्याचं चिंचेतलं आंबट सार त्यांनी मला शिकवलं. ते सार मी दर रविवारी करतो.

"माझ्याकडे काय बघता? आज शुक्रवार आहे," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही, कारण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शेल्बी मत्स्यखात्याची पोरगी. हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवायच्या केंद्रात, वाढवलेली पिलं समुद्रात सोडताना काहींचा शेपटाजवळचा बारका पर कापतात आणि नाकाडात तारेचा तुकडा टोचतात, मोहरीहून बारीक. मासा मोठा होऊन परतला, कुणाच्या गळाला लागला, की शेल्बी त्याचं मुंडकं मागून घेते, जबड्यात नंबराची नारिंगी पट्टी अडकवते आणि धक्क्यावरच्या शीतगृहात ठेवते. तिथून ती मुंडकी विमानाने शहरात जातात. कुठला मासा कुठल्या हॅचरीचा, ते तारेवरून कळतं.

यंदाची मुंडकी मिंक खाडीतली होती, आणि त्यांच्यावर सगळं गाव टांगलेलं होतं. खाडीतले किंग सॅमन बहुतेक हॅचरीचेच आहेत, जपायचे जंगली नव्हेत, असं सिद्ध झालं, तर एक जुलैला ती ट्रोलरांना खुली होणार. मुंडकी उद्या दुपारच्या विमानाने गेली नाहीत, तर खाडी त्यांना बंद, आत फिरणार फक्त हौशी गळवाले.

ट्रोलर म्हणजे आमचं निम्मं गाव. बोटीच्या दोन्ही अंगांना लांब काठ्या, काठ्यांना तारा, तारांना ओळीने गळ. माणूस चालेल त्या वेगाने दिवसभर बोट हाकायची आणि एकेक मासा हाताने वर घ्यायचा. उन्हाळी हंगाम उघडला की किंगचा ठरलेला वाटा थोड्याच दिवसांत संपतो आणि हंगाम मिटतो. खाडी खुली असली तर घराजवळ, शांत पाण्यात मासा मिळतो. नसली तर बाहेर उघड्या समुद्रात जाऊन हाडं खिळखिळी करून घ्यायची.

खाडीच्या आत क्लेटन हॅस्लरचं लॉज आहे. लांबलांबचे पाहुणे त्याच्या छोट्या होड्यांतून एकेका किंगसाठी गळ टाकून बसतात. दहा ट्रोलर आत शिरले, तर चार दिवसांत त्या पाहुण्यांच्या गळाला शेवाळाखेरीज काही लागणार नाही, आणि लॉजला टाळं लागेल. हे सगळ्यांना माहीत होतं.

"चोर कोण ते शाळेतलं पोरही सांगेल," डर्क म्हणाला. डर्क हा ट्रोलरांमधला तरणाबांड, घसा मोठा, हृदयही मोठं, पण घसा आधी उघडतो. "उद्या विमान मुंडक्यांशिवाय उडालं, तर त्या क्लेटनला या धक्क्यावर डिझेल नाही, बर्फ नाही, दोरी बांधायला खुंटा नाही. जिथून आला तिथे जाऊ दे त्याला."

पाचसहा जणांनी टेबलावर मुठी आपटून होकार दिला. कोपऱ्यात भिंतीला टेकून म्हातारा ओडवार बसला होता. त्याने मूठ आपटली नाही, कॉफी तशीच टाकून तो उठून गेला.

"शीतगृहात कुणी पाय ठेवायचा नाही," खिडकीजवळून आवाज आला. "आणि डर्क, टेबल माझ्या जावयाचं आहे. हळू."

व्हर्ना मावशी उठली होती.

२

व्हर्ना मावशी माझ्या बायकोची मावशी. इथल्या मूळच्या त्लिंगित लोकांत आईची बहीण म्हणजे धाकटी आईच, त्यामुळे मला सासवा दोन आहेत आणि धाक या दुसरीचा जास्त. पंचवीसेक वर्षं ती गावाची सुरक्षा अधिकारी होती. पोलीस ठाणं समुद्रापलीकडे, म्हणून दारुड्याला झोपवण्यापासून अस्वलाला हाकलण्यापर्यंत सगळं तीच करायची. निवृत्त झाली, पण ते गावाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

शीतगृहाचं दार तिने बोटाने ढकललं. आत मधोमध शेल्बीची पेटी होती, प्लास्टिकची, जाड, माणूस झोपेल एवढी. वरचं सुटं झाकण शेजारी जमिनीवर ठेवलेलं. पेटीत पिवळट बर्फ आणि मुंडक्यांच्या जागी खड्डे.

"तू आल्यावर झाकण असंच होतं?" मावशीने विचारलं.

"असंच. मी कशालाच हात लावला नाही," शेल्बी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण लोक त्या क्लेटनला..."

"रडणं नंतर. रुबेन, ते झाकण पेटीवर लाव."

मी लावलं. झाकणाच्या आतल्या अंगाला जमिनीवरचा चिकट गाळ लागला होता, माझे हात बरबटले.

"आता काढ, आणि खाली ठेव."

मी काढलं आणि ठेवलं. मग शेल्बीला तेच करायला लावलं. तिनेही तसंच केलं. मावशी आमच्याकडे शाळामास्तरणीसारखी बघत होती. मला काही समजेना. सासुरवाडीच्या माणसांपुढे असं मला नेहमीच होतं.

"शेजारच्या बर्फाच्या कोठारातलं फावडं ओलं आहे," ती डोकावून येऊन म्हणाली. "बर्फ कुणी नेला का?"

"नाही," शेल्बी म्हणाली. "बोटी आदल्या संध्याकाळी बर्फ भरतात. अजून चार दिवस आहेत."

मावशीने ओठ मुडपले. बाहेर येऊन तिने दार लोटलं आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"चोर कळला का?" मी विचारलं.

"कोण नाही ते कळलं."

"कोण नाही?"

"क्लेटन," ती म्हणाली. "चल, त्याला भेटून येऊ."

"तो नाही म्हणतेस, मग त्याच्याकडे कशाला?"

"मी चुकले असेन तर आत्ताच कळलेलं बरं."

३

खाडीत पाणी आरशासारखं होतं. क्लेटन लॉजच्या तरंगत्या फलाटावर पाहुण्यांचे गळ गुंडाळत होता. उंच, किडकिडीत, नाकावर कायम उन्हाने सोललेली कातडी. तो बाहेरून आलेला, म्हणून गावात त्याचं नाव 'पाहुणा'. नऊ वर्षांनंतरही पाहुणाच.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात," तो म्हणाला. "डर्कने रेडिओवर सगळ्या समुद्राला सांगितलंय."

"तू घेतलीस?"

"नाही."

"मग ऐकून वाईट वाटलं?"

त्याने हातातला गळ खाली ठेवला. "खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा बरं वाटलं. मग लाज वाटली. ट्रोलरांचा हक्क आहे, मावशी. ते माझ्या आधीपासून इथे आहेत. पण दक्षिणेकडे माझं लॉज होतं ना, तिथेही अशीच खाडी उघडली. मासे काही दिवसांत संपले, आणि पाहुणे हंगाम संपायच्या आत. पुन्हा कुठेतरी पहिल्यापासून सुरू करायचं माझं वय नाही."

मावशीने त्याच्या मासे ठेवायच्या पेटीकडे बोट दाखवलं. "आज काय मिळालं बघू."

त्याने झाकण काढून उलटं करून फलाटावर टेकवलं, आतलं अंग आकाशाकडे. आत एकच किंग होता, चांदीसारखा. "नेब्रास्काच्या एका आजोबांचा," क्लेटन म्हणाला. "जन्मातला पहिला. पकडल्यापासून चारदा बघून गेलेत."

मावशी हसली. मग आम्ही आत कॉफीला गेलो. खुंटीवर एक लोकरी स्वेटर होता, काळा-पांढरा, छातीवर चांदण्यांची नक्षी, हाताने विणलेला. मावशीने त्याची बाही दोन बोटांत धरली आणि टाके निरखले.

"सुंदर आहे. कुणी दिला?"

क्लेटनचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. "असंच. एकांनी."

"एकांनी," मावशी म्हणाली आणि बाही अलगद सोडली. परतताना धक्का जवळ आल्यावर ती मला म्हणाली, "जावईबापू, मला वाईट चोर सापडला असता तर बरं झालं असतं."

४

दुपारी धक्क्यावर जत्रा होती. हंगाम उघडायच्या आधीचे हे दिवस मला वर्षात सगळ्यात आवडतात. कुणी तारा तपासतोय, कुणी माशांना भुलवायचे चकचकीत चमचे घासतोय, कुणाची बायको वरून डबा देतेय आणि खालून शिवी खातेय. मावशी हातात काठी घेऊन बोटीमागून बोट बघत चालली, आणि मी मागे थर्मास घेऊन, नव्या नवरीच्या करवलीसारखा.

"बर्फ भरलास?" ती प्रत्येकाला विचारायची.

"आत्ताच? वितळवायला?" प्रत्येक जण म्हणायचा.

डर्क काठीला रंग देत होता. मावशी त्याच्या बोटीवर चढली. "मासे ठेवायच्या खणाचं झाकण उघड. आत बघायचंय."

"मी चोरली म्हणतेस? मी?" डर्क उखडला. "ती खाडी उघडावी म्हणून मी दोन वर्षं सभेत घसा फोडतोय."

"तुझा घसा फोडायला निमित्त लागत नाही. उघड."

त्याने धुसफुसत झाकण उचललं आणि बाजूला, रंगाच्या ओल्या थेंबांवर ठेवलं. खण कोरडा ठणठणीत. मावशीने झाकणाकडे बघून मान डोलावली आणि उतरली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालीस तू," डर्क मागून ओरडला.

"ते तू सकाळपासून करतोयस," ती वळून न बघता म्हणाली.

शेवटची बोट ओडवारची. लाकडी, पांढरी, त्याच्याइतकीच म्हातारी. ओडवार लोकन हा नॉर्वेजियन घराण्यातला, बोलायला कंजूस. गुडघे गेलेले, उजवा खांदा वर जात नाही. बाहेरच्या समुद्राच्या लाटा त्याला आता झेपत नाहीत हे सगळे जाणून होते. खाडी उघडली तरच त्याचा हंगाम, नाहीतर त्याची बोट धक्क्याला. गेल्या हिवाळ्यात बायको बॉर्गहिल्ड गेली, तेव्हापासून गावात त्या बोटीखेरीज त्याला कुणी नव्हतं. सभेत डर्कने खाडी मागितली ती ओडवारचंच नाव घेऊन.

"बर्फ भरलास, ओडवार?"

"नाही," तो म्हणाला. तो डेक घासत होता. आधीच लखलखीत असलेला.

तेवढ्यात त्याच्या बोटीच्या अंगातून पंप खाकरला आणि पाण्याची चूळ बाहेर टाकून गप्प झाला. बोटीच्या तळाशी पाणी झिरपतं, पंप ते उपसतो, त्यात नवल नाही. पण मावशी वाकली, बोटीच्या कडेवरून ओघळणाऱ्या पाण्यात तिने बोट बुडवलं आणि चाखलं.

ती सरळ झाली. चेहरा असा, की जणू घरात कुणी आजारी आहे.

"जावईबापू, कप आण," ती म्हणाली. "तीन. आपण ओडवारकडे कॉफी पिणार आहोत."

५

बोटीच्या केबिनमध्ये आम्ही तिघे गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ओडवारने साखर पुढे केली. साखरदाणीवर विणलेली टोपी होती.

"मी सांगू, की तू सांगतोस?" मावशीने विचारलं.

तो कॉफी ढवळत राहिला. मग तीच बोलली, माझ्याकडे बघून, कारण त्याच्याकडे बघणं तिला जड जात होतं.

"झाकण, रुबेन. शीतगृहात जमीन गाळाने माखलेली. तुला झाकण ठेवायला सांगितलं, तू उलटं ठेवलंस. शेल्बीने उलटं ठेवलं, क्लेटनने उलटं ठेवलं. शहाणा माणूस तसंच ठेवणार, आतली बाजू स्वच्छ राहायला पाहिजे ना. चोराने मात्र सुलटं ठेवलं, आतली बाजू गाळात. असं कोण करतं?"

मला लख्ख कळलं आणि स्वतःचाच राग आला. जन्म गेला धक्क्यावर. "ट्रोलर," मी म्हणालो. खणाचं झाकण उलटं ठेवलं तर बोट उलटते असं ते मानतात. कितीही घाण असो, झाकण सुलटंच पडणार. नवशिक्या खलाशाने एकदा उलटं ठेवलं तर त्याला थोबाडीत बसते, मग जन्मभर हात चुकत नाही. डर्कने दुपारी तेच केलं होतं, ओल्या रंगावर झाकण सुलटं टेकवलं होतं.

"म्हणजे चोर ट्रोलर," मावशी म्हणाली. "पण खाडी उघडली तर फायदा ट्रोलरांचाच. आपलीच पेटी कोण फोडेल? इथे माझं गाडं अडलं. मग फावडं आठवलं. मुंडकी नेली, आणि त्यांच्यासोबत बर्फही. समुद्रात फेकायची असती तर बर्फ कशाला? म्हणजे कुणाच्या तरी खणात ती नीट ठेवलेली आहेत. एक जुलैच्या आधी एकाच बोटीत बर्फ असणार. आणि बर्फ वितळतो."

"ते पाणी," मी म्हणालो.

"समुद्राचं झिरपलेलं पाणी खारट लागतं. ओडवारच्या पंपाचं गोडं होतं. आणि गेले चार दिवस पाऊस नाही."

ओडवार उठला. बाहेर जाऊन त्याने खणाचं झाकण उचललं, बाजूला ठेवलं, सुलटं. आम्ही वाकून पाहिलं. बर्फात मुंडकी रांगेने मांडलेली होती, नाकाडं एका दिशेला, नारिंगी पट्ट्या सगळ्या जागच्या जागी, वर बर्फाची पातळ दुलई. शेल्बीनेही इतकी नीट ठेवली नव्हती.

"फेकायला गेलो होतो," ओडवार म्हणाला. "हात उठेना. पन्नास वर्षं मासा सांभाळून ठेवायचीच सवय."

"का रे?" मावशीने इतक्या हळू विचारलं, की मला तिचा आवाज अनोळखी वाटला. "तुझाच हंगाम होता तो."

"बॉर्गहिल्डने तुला सांगितलं नव्हतं?"

"स्वेटर बघितला मी. तिचे टाके ओळखते. घराबाहेरच्या कुणासाठी तिने कधी सुई धरली नाही, एवढंच मला माहीत."

म्हाताऱ्याने समुद्राकडे तोंड केलं आणि सांगायला लागला. ऑक्टोबरात तिला श्वास घेता येईना. वादळ असं, की विमान उडेना, आणि त्याची बोट शहरात पोचायला दिवस लागला असता. क्लेटनची बोट वेगाची. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, तिला गाद्यांत गुंडाळलं आणि तो निघाला. वाटेत खिडकीची काच फुटली, तो कपाळावर रक्त घेऊन तसाच हाकत राहिला. ती पोचली. त्यानंतर ती सहा आठवडे जगली. मुलगा आला, नात आली, तिने नातीला विणायला शिकवलं. शेवटचा स्वेटर तिने क्लेटनसाठी विणला.

"मी आभार मानायला गेलो," ओडवार म्हणाला, "तर तो म्हणाला, 'कुणाला सांगू नका, लोक उगीच बोलतात.' सहा आठवडे, व्हर्ना. ते मी कशाने फेडू? एक खाडी होती. तीही माझी एकट्याची नव्हती, म्हणून चोरावी लागली. आणि सकाळी डर्क बोलला तेव्हा कळलं, मी त्यालाच खड्ड्यात घातलं. उद्या विमान उडालं की कबूल करणार होतो."

मावशीने डोळे पुसले, उघडपणे, जाकिटाच्या बाहीने. "उद्यापर्यंत त्यांनी त्याचा फलाट तोडला असता, गाढवा," ती म्हणाली.

"मुंडकी परत गेली तर खाडी उघडेल," मी म्हणालो. "मग लॉज बुडेल. आणि नाही गेली तर क्लेटन चोर."

"मुंडकी परत जाणार," मावशी म्हणाली. "शेल्बीची आहेत ती, आणि खरं ते खरं. पुढचं ओडवारने बघायचं."

"मी काय बघणार?"

"तू बोलणार. चारचौघांत."

त्याचा चेहरा बघून मला वाटलं, याच्यापेक्षा तो बाहेरच्या समुद्रात जायला आनंदाने तयार झाला असता.

६

संध्याकाळी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी सार केलं होतं, रविवार नसताना. मुंडकी माझ्या स्वतःच्या फ्रीजमधली होती, हे प्रत्येक वाटीसोबत सांगावं लागलं.

ओडवार उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. चोरी, बर्फ, वादळ, काच, सहा आठवडे. क्लेटन दाराशी उभा होता, मावशीने बोलावून आणलेला, आणि तो जमिनीत शिरायला जागा शोधत होता.

"मी तुमची खाडी घालवत होतो," ओडवार शेवटी म्हणाला. "माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. त्याच्यावर नको." आणि खाली बसला.

सगळे डर्ककडे बघू लागले. डर्क वाटीत बघत होता. ती बाजूला सारून म्हणाला, "शेल्बी, मुंडकी खराब झाली का?"

"माझ्या पेटीत होती त्यापेक्षा चांगली आहेत," शेल्बी म्हणाली.

"तुझ्या साहेबाला काय सांगशील?"

"बर्फात होती. खरंच होती."

"मग झालं," डर्क म्हणाला. उठला, दाराकडे गेला, क्लेटनसमोर उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "डिझेल हवं तेव्हा घे," आणि बाहेर पडला. डर्कच्या मानाने ते फारच कमी शब्द होते.

मुंडकी दुसऱ्या दिवशी गेली. तारा निघाल्या, हॅचरीच्याच, भरपूर. तीस जूनला दुपारी रेडिओवर आलं, मिंक खाडी उद्यापासून ट्रोलरांना खुली. धक्क्यावर कुणी टाळी वाजवली नाही. बर्फाच्या नळीखाली बोटींची रांग लागली, खण भरले गेले, आणि कोण कुठे जाणार हे नेहमीप्रमाणे कुणी कुणाला सांगितलं नाही.

एक जुलैच्या सकाळी मी आणि मावशी होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलो. निमित्त पाव पोचवायचं, खरं कारण बोटी आत वळतात का ते बघायचं. आत फलाटावर क्लेटन उभा होता, शेजारी नेब्रास्काचे आजोबा. दोघे आमच्याकडे नाही, आमच्या मागे बघत होते.

बोटी एकामागून एक आल्या. सगळ्यात पुढे डर्क. खाडीच्या तोंडाशी आला, आणि वळला नाही. सरळ बाहेर, उघड्या समुद्राच्या दिशेने गेला. बाहेर त्या दिवशी लाटा चांगल्या उंच होत्या, आमच्या होडीतूनही दिसत होत्या. त्याच्या मागची बोट गेली, तिच्या मागची गेली. प्रत्येक वेळी मी श्वास रोखून धरायचो आणि प्रत्येक बोट सरळ जायची. आपल्या गावाचा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता. हे तोंडावर कुणाला सांगितलं तर शिव्या खाव्या लागतील, म्हणून इथे सांगतो.

नंतर मी डर्कला विचारलं, खाडी सोडून बाहेर का गेलास. म्हणाला, "बाहेर मासा जास्त होता." त्या वर्षी बाहेर मासा नव्हताच, हे त्याच्या रिकाम्या परतलेल्या बोटीने सगळ्यांना दाखवलं होतं. बाकीच्यांनीही मला हेच उत्तर दिलं, अगदी त्याच शब्दांत.

शेवटी ओडवार आला. तोंडाशी थांबला. पुढे गेलेल्या बोटींकडे त्याने बराच वेळ पाहिलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग हळूच सुकाणू फिरवून तो एकटा खाडीत शिरला, काठ्या खाली केल्या आणि तारा सोडल्या.

क्लेटन पाहुण्यांना घेऊन होडीतून त्याच्याजवळ गेला. आम्हीही गेलो, मावशीने मला वल्हवायलाच लावलं. क्लेटनने टोपी काढली, पुन्हा घातली.

"ओडवार," तो म्हणाला, "आम्ही कुठे थांबू, म्हणजे तुमच्या वाटेत येणार नाही?"

ट्रोलर आपली मासे मिळायची वाट सख्ख्या भावाला सांगत नाही. बाप मरताना मुलाला सांगतो, आणि तेही जमलं तर. ओडवारने इंजिनाचा आवाज कमी केला.

"वाटेत या," तो म्हणाला. "माझ्या मागे मागे या. मासा कुठे असतो ते दाखवतो."